नॉर्मन लिअर यांची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्मन लिअर म्हणजे नक्की कोण?

अमेरिकन टीव्ही मालिकांचे निर्माते आणि लेखक. जन्म २७ जुलै १९२२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात. मृत्यू ५ डिसेंबर २०२३ रोजी लॉस एंजेलिसमधल्या घरी, वयाच्या १०१ व्या वर्षी. 'ऑल इन द फॅमिली', 'सॅनफर्ड अँड सन', 'मॉड', 'गुड टाइम्स', 'द जेफरसन्स', 'वन डे अॅट अ टाइम' या मालिका त्यांच्या नावाशी जोडलेल्या आहेत. १९७४-७५ च्या हंगामात अमेरिकेत सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या पहिल्या नऊ मालिकांपैकी पाच त्यांच्या कंपन्यांच्या होत्या. त्या काळी तिथे मोठ्या वाहिन्या तीनच. म्हणजे आपल्याकडे दूरदर्शन एकटं असताना रविवारी सकाळी जसा सगळा देश एकाच पडद्यासमोर बसायचा, जवळपास तसाच प्रेक्षक या माणसाला दर आठवड्याला मिळत होता.

पण मला त्यांचं महत्त्व आकड्यांहून वेगळ्या कारणासाठी वाटतं. घरात जेवताना जे बोललं जातं आणि पाहुणे आले की जे गिळून टाकलं जातं, ते त्यांनी टीव्हीवर आणलं. जातीपातीवरून, आपल्या भाषेत सांगायचं तर, होणारी बाप-जावयाची भांडणं. घरातली बाई ऐन पन्नाशीकडे झुकताना गरोदर राहते तेव्हा होणारी कुजबुज. पगार पुरत नाही म्हणून होणारी चिडचिड. लोक पोट धरून हसले आणि टीव्ही बंद झाल्यावर आपापल्या घरात वाद घालत बसले.

निर्माता म्हणजे पैसे घालणारा ना? मग लेखनाचं श्रेय त्यांना कसं?

हा गोंधळ आपल्याकडे नेहमी होतो, कारण मराठीत 'निर्माता' म्हटलं की डोळ्यांसमोर पैसे उभे करणारा माणूस येतो. अमेरिकन टीव्हीत पैसा मुख्यतः वाहिनी आणि स्टुडिओचा असतो. मालिकेचा निर्माता बहुतेक वेळा मूळचा लेखकच असतो: गोष्ट कुठे न्यायची, कोणता संवाद ठेवायचा, कोणाला घ्यायचं, संकलनात काय राहील, हे तो ठरवतो. आपल्या नाटकवाल्यांच्या भाषेत बोलायचं तर लेखक, तालीम मास्तर आणि व्यवस्थापक एकाच अंगात.

लिअर लेखकांना टेबलाभोवती बसवायचे आणि वर्तमानपत्रं नीट वाचून या, असं सांगायचे. तुमच्या बायकोशी, मुलांशी, आईशी काय चाललंय ते बोला, असा आग्रह असायचा. मालिकांचे विषय तिथून निघत.

त्यांचं बालपण कसं होतं?

कठीण. आणि कारकीर्द समजून घ्यायची तर हे वगळून चालणार नाही.

लिअर नऊ वर्षांचे असताना वडील हर्मन यांना खोटे रोखे विकल्याबद्दल अटक झाली आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. अटकेनंतर आईने घरातलं सामान विकायला काढलं. त्यात वडिलांची लाल चामड्याची खुर्चीही होती. संध्याकाळी ज्या खुर्चीत बसून वडील रेडिओ ऐकायचे, ती लोक पाहून, किंमत ठरवून घेऊन चालले होते. त्या गर्दीत कुणीतरी या पोराच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, 'आता घरातला पुरुष तूच.' नऊ वर्षांच्या मुलाला हे सांगणं किती हास्यास्पद आहे, हे तेव्हाच आपल्याला जाणवलं आणि त्यातूनच माणसाच्या वेडेपणाकडे पाहायची नजर मिळाली, असं लिअर पुढे आयुष्यभर सांगत आले.

त्याच वयात त्यांनी हाताने जुळवलेल्या रेडिओवर फादर कॉफलिन या धर्मोपदेशकाची ज्यूद्वेषी भाषणं ऐकली. आपण ज्यू आहोत म्हणून कुणी आपला द्वेष करतं, हे त्या मुलाला पहिल्यांदा कळलं.

ते सैन्यात होते हे खरं का?

होय. बॉस्टनच्या एमर्सन कॉलेजातलं शिक्षण अर्धवट सोडून ते १९४२ मध्ये भरती झाले. बी-१७ बॉम्बर विमानावर रेडिओ ऑपरेटर आणि गनर म्हणून इटलीतल्या फोजा भागातून त्यांनी ५२ लढाऊ मोहिमा केल्या. पुढे 'हा माणूस देशद्रोही मालिका काढतो' अशी टीका झाली, तेव्हा हा आकडा त्यांच्या बाजूने आपोआप बोलायचा.

टीव्हीत शिरकाव कसा झाला?

दारोदार फिरून. १९४९ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले. चुलत बहिणीचा नवरा एड सिमन्स याच्याबरोबर घरोघरी फर्निचर आणि लहान मुलांचे फोटो विकायचे. संध्याकाळी दोघं मिळून विनोदी प्रवेश लिहायचे. एकदा लिअर यांनी आपण न्यूयॉर्क टाइम्सचे बातमीदार आहोत असं फोनवर सांगून विनोदी नट डॅनी थॉमस यांचा नंबर मिळवला, थेट त्यांनाच फोन लावला आणि एक प्रवेश विकून टाकला. त्यानंतर डीन मार्टिन आणि जेरी लुईस या जोडीसाठी १९५० पासून टीव्हीवर लेखन सुरू झालं. तेव्हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे. प्रेक्षक हसले नाहीत तर ते त्याच क्षणी कळायचं. ही सवय त्यांच्या अंगात कायमची राहिली.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस दिग्दर्शक बड यॉर्किन यांच्याबरोबर त्यांनी टँडम ही कंपनी काढली. काही वर्षं चित्रपट केले. 'डिव्होर्स अमेरिकन स्टाइल' या १९६७ च्या चित्रपटाच्या पटकथेला ऑस्कर नामांकनही मिळालं.

'ऑल इन द फॅमिली' ही ब्रिटिश मालिकेची नक्कल आहे का?

नक्कल म्हणू नये, रूपांतर म्हणावं. आपल्या रंगभूमीला रूपांतराची इतकी जुनी सवय आहे की हा फरक मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. बीबीसीवर जॉनी स्पाइट यांची 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका गाजत होती: तोंडाळ, पूर्वग्रहांनी भरलेला सासरा आणि डाव्या विचारांचा जावई एकाच छपराखाली. लिअर यांनी तिच्याविषयी वाचलं आणि त्यांना आपला बाप आठवला. हर्मनही असेच मोठ्याने ओरडणारे, आईला 'गप्प बस' म्हणून दटावणारे. लिअर यांच्या मालिकेतला सासरा आर्ची बंकर आपल्या बायकोला, ईडिथला, ज्या शब्दात गप्प करतो तो शब्द थेट लिअर यांच्या घरातून आलेला आहे.

एबीसी वाहिनीने १९६८ आणि १९६९ मध्ये दोन पायलट, म्हणजे नमुन्याचे भाग, करून घेतले आणि दोन्ही नाकारले. मग सीबीएस पुढे आली. तिथले अध्यक्ष रॉबर्ट वुड यांना खेड्यापाड्यांच्या गमतीजमतीच्या मालिकांमधून बाहेर पडायचं होतं, कारण जाहिरातदार शहरातला तरुण प्रेक्षक मागत होते. त्या मालिका लोकप्रिय असूनही १९७१ मध्ये बंद करण्यात आल्या. लिअर यांच्या धैर्याला योग्य वेळी व्यापाराची साथ मिळाली, हेही सांगितलं पाहिजे.

पहिल्या भागाच्या रात्री काय घडलं?

१२ जानेवारी १९७१, मंगळवार, रात्री साडेनऊ.

पहिल्या भागात आर्ची आणि ईडिथ चर्चमधून लवकर घरी येतात. मुलगी ग्लोरिया आणि जावई माइक घर रिकामं आहे म्हणून खोलीत गेलेले असतात आणि गडबडीने बाहेर येतात. आर्ची त्यांच्याकडे पाहून फक्त एवढंच म्हणतो की, रविवारी सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झालीत! वाहिनीला हे वाक्य नको होतं. बाकीचं चालेल, पण हे एक वाक्य काढा, कारण त्यामुळे नेमकं काय चाललं होतं ते प्रेक्षकांच्या मनात उभं राहतं. नाहीतर आधी दुसरा भाग दाखवू, असंही सुचवण्यात आलं. लिअर यांचं उत्तर होतं: वाक्य काढलंत तर उद्यापासून मी नाही.

एका वाक्यासाठी नोकरी पणाला लावायची? मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय. वाक्य तसं किरकोळ होतं. पण पहिल्याच दिवशी किरकोळ गोष्ट सोडली तर पुढे मोठी मागायला वाहिनीला संकोच उरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. प्रक्षेपणाच्या काही तास आधीपर्यंत ताणाताणी चालली आणि शेवटी भाग जसाच्या तसा गेला. सुरुवातीला पडद्यावर एक सूचना दाखवली: आपल्यातले दोष आणि पूर्वग्रह किती हास्यास्पद आहेत हे हसत हसत दाखवायचा हा प्रयत्न आहे. तक्रारींचा पाऊस पडेल म्हणून सीबीएसने फोनवर जादा माणसं बसवली होती. फोन फारसे आलेच नाहीत.

प्रेक्षकही आधी बेताचेच होते. मे महिन्यात सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचं एमी, म्हणजे तिथलं टीव्हीचं मानाचं पारितोषिक, मिळालं, उन्हाळ्यात पुनःप्रक्षेपणं झाली आणि लोक वळले. त्यानंतर सलग पाच हंगाम मालिका पहिल्या क्रमांकावर राहिली. एकूण नऊ हंगाम, २०८ भाग.

मालिकेतलं हसू खरं आहे की नंतर घातलेलं?

खरं. मालिका थेट प्रेक्षकांसमोर, फिल्मऐवजी व्हिडिओ टेपवर चित्रित व्हायची. आठवडाभर तालीम, मग एकाच दिवशी दोन प्रयोग, दोन वेगळ्या प्रेक्षकवर्गांसमोर. दोन्हींतलं चांगलं निवडून भाग तयार व्हायचा. नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला ही मालिका जवळची वाटते ती यामुळेच. नट हशा संपेपर्यंत थांबतात आणि तेवढ्या शांततेत चेहऱ्याने खेळतात. शेवटच्या हंगामात मात्र पद्धत बदलली. तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचं हसू ध्वनिमुद्रित केलं जायचं.

एखादा प्रसंग सांगाल का?

१९ फेब्रुवारी १९७२ चा भाग. आर्ची जोडधंदा म्हणून टॅक्सी चालवत असतो. प्रसिद्ध कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर आपली ब्रीफकेस त्याच्या गाडीत विसरतो आणि ती न्यायला घरी येतो. डेव्हिसचा एक डोळा कृत्रिम होता. आर्ची ईडिथला बजावून ठेवतो, पाहुण्याच्या डोळ्याचा विषय काढायचा नाही. मग कॉफी देताना स्वतःच विचारतो, 'दूध-साखर डोळ्यात चालेल ना?'

डेव्हिस बंकरच्या घरात बसतो, आर्चीचे एकेक विचार शांतपणे ऐकतो, एकदाही आवाज चढवत नाही. निघताना आठवण म्हणून दोघांचा फोटो काढायचं ठरतं. एक, दोन, आणि तिनाला बटण दाबलं जातं त्याच क्षणी डेव्हिस वळून आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो. आर्चीचं काम करणाऱ्या कॅरल ओकॉनर यांचा चेहरा तिथे नुसता गोठतो. प्रेक्षकांचा हशा थांबतच नाही. भाषण नाही, उपदेश नाही. हा भाग मी कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी त्या हशात मला सुटकेचा श्वास ऐकू येतो.

वंशद्वेषी माणसाला त्यांनी लाडका करून टाकला, ही टीका खरी आहे का?

बरीचशी. ती टाळून पुढे जाऊ नये.

नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या मनात आधीच पूर्वग्रह आहेत, अशा प्रेक्षकांना आर्ची हास्यास्पद वाटत नव्हता, तो त्यांना आपला वाटत होता. विनोद एकच, पण कोण कोणाला हसतंय हे घराघरात बदलत होतं. लिअर यांचं म्हणणं असायचं की आर्ची दुष्ट नाही, तो बदलणाऱ्या जगाला घाबरलेला आहे, आणि असा माणूस प्रत्येकाच्या घरात असतो.

मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. ज्याच्यावर आपला जीव आहे अशाच माणसाच्या तोंडून विखारी वाक्य आलं की ते जास्त बोचतं. आपल्या घरातल्या काका-आजोबांच्या तोंडून आपणही ऐकलेलं असतं. पण बोचायला आधी आतून काहीतरी हलायला हवं, आणि ते टीव्ही प्रत्येकाच्या बाबतीत करू शकत नाही.

व्हाइट हाउसमध्येही मालिकेवर चर्चा झाली. समलिंगी व्यक्तिरेखा असलेला एक भाग पाहून राष्ट्राध्यक्ष निक्सन चिडले. मे १९७१ मधली त्यांची ती बडबड त्यांच्याच कार्यालयातल्या टेपवर नोंदली गेली आहे.

'मॉड' या मालिकेवरून एवढा गदारोळ का झाला?

मॉड ही ईडिथची चुलत बहीण: उंच, ठाम, उदारमतवादी, चौथ्या नवऱ्याबरोबर राहणारी. बी आर्थर यांनी ती उभी केली. नोव्हेंबर १९७२ मध्ये दोन भागांची एक गोष्ट आली. सत्तेचाळीस वर्षांची मॉड गरोदर राहते आणि नवऱ्याशी बोलून गर्भपाताचा निर्णय घेते. लेखिका होत्या सुझन हॅरिस. मॉड राहते त्या न्यूयॉर्क राज्यात तेव्हा गर्भपात कायदेशीर होता, पण देशभर तो हक्क देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांनी.

वाहिनीचे कार्यक्रम आपापल्या भागात दाखवणाऱ्या स्थानिक केंद्रांपैकी दोघांनी पहिल्या प्रक्षेपणाला नकार दिला. पुढच्या उन्हाळ्यात हेच भाग पुन्हा दाखवायचे ठरले तेव्हा विरोध संघटित झाला होता. कितीतरी केंद्रांनी ते दाखवले नाहीत आणि मोठे जाहिरातदार मागे सरले.

कृष्णवर्णीय कुटुंबांच्या मालिका गोऱ्या माणसाने काढल्या, यावर तिथे काय प्रतिक्रिया होती?

कौतुकही होतं आणि रागही. 'गुड टाइम्स' फेब्रुवारी १९७४ मध्ये सुरू झाली: शिकागोच्या सरकारी वसाहतीत राहणारं गरीब कृष्णवर्णीय कुटुंब, आई, बाप आणि तीन मुलं. एरिक मॉन्टी आणि माइक इव्हान्स या दोन कृष्णवर्णीय लेखकांनी ती रचली. बाप घरात असलेलं असं कुटुंब दाखवा, हा आग्रह नटी एस्थर रोल यांचा होता.

पण मोठ्या मुलाचे माकडचाळे लोकप्रिय झाले आणि गोष्ट त्याच्याभोवती फिरू लागली. रोल आणि बापाचं काम करणारे जॉन एमॉस यांनी उघड नाराजी दाखवली. १९७६ मध्ये एमॉस यांना काढण्यात आलं आणि गोष्टीत बापाचा अपघाती मृत्यू दाखवला गेला. लिअर यांच्या कारकिर्दीतली ही जागा मला खटकते. ज्याने एका वाक्यासाठी वाहिनीशी भांडण केलं, त्याच्याच मालिकेत तक्रार करणारा नट बाहेर गेला.

लिअर सांगत की, ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या जहाल राजकीय संघटनेचे तिघे जण एकदा त्यांच्या कार्यालयात आले आणि विचारलं, आमचा माणूस टीव्हीवर कायम गरीबच का? 'द जेफरसन्स'ची कल्पना पुढे गेली त्यात या भेटीचा वाटा होता. आर्चीचा शेजारी जॉर्ज जेफरसन कपडे धुण्याच्या दुकानांतून पैसा कमावतो आणि मॅनहॅटनमधल्या उंच इमारतीत राहायला जातो. जानेवारी १९७५ पासून अकरा हंगाम, २५३ भाग. याच मालिकेसाठी इझाबेल सॅनफर्ड यांना १९८१ मध्ये विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी मिळालं. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. शेजारी राहणारं जोडपं आंतरवंशीय होतं. त्या भूमिकेसाठी रॉक्सी रोकर यांना विचारलं, गोऱ्या नटाची बायको होताना अवघड वाटेल का? त्यांनी पर्समधून आपल्या नवऱ्याचा फोटो काढून दाखवला. नवरा गोराच होता.

बंकर कुटुंब राहतं ते क्वीन्स म्हणजे आपल्या लोकांचं क्वीन्स का?

तेच, न्यूयॉर्क शहरातलं. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतीय डॉक्टर, इंजिनिअर मोठ्या संख्येने अमेरिकेत आले आणि त्यातले पुष्कळ क्वीन्समध्ये स्थिरावले. फ्लशिंगचं गणपती मंदिर १९७७ मध्ये उभं राहिलं, तेव्हा 'ऑल इन द फॅमिली' जोरात चालू होती. आर्ची ज्या बदलाला घाबरत होता, त्यात आपली माणसंही होती.

वाहिनीने नाकारलेली मालिका त्यांनी स्वतः विकली, ती कोणती?

'मेरी हार्टमन, मेरी हार्टमन'. रोजच्या मालिकांच्या ढंगाची, आठवड्याला पाच रात्री. तिन्ही वाहिन्यांनी नको म्हटल्यावर लिअर यांनी स्थानिक केंद्रांच्या मालकांना घरी जेवायला बोलावलं आणि थेट त्यांनाच मालिका विकली. जानेवारी १९७६ पासून दीड वर्षात ३२५ भाग झाले.

'फॅमिली अवर'चा खटला काय होता?

१९७५ मध्ये वाहिन्यांनी ठरवलं की संध्याकाळचा पहिला तास, आठ ते नऊ, फक्त कुटुंबाला चालेल असेच कार्यक्रम. यामागे सरकारी दूरसंचार आयोगाचा दबाव होता. 'ऑल इन द फॅमिली'ला शनिवारी आठची जागा सोडून सोमवारी नऊला जावं लागलं. लेखक संघटना आणि लिअर कोर्टात गेले. न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी १९७६ मध्ये निकाल दिला की सरकारने असा दबाव टाकणं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध आहे.

यशाच्या शिखरावर असताना ते बाजूला का झाले?

१९७८ मध्ये त्यांनी मालिकांचं रोजचं काम सोडलं. टीव्हीवरच्या धर्मोपदेशकांचा राजकारणातला वाढता आवाज त्यांना अस्वस्थ करत होता. नवव्या वर्षी रेडिओवर ऐकलेला कॉफलिन ते विसरले नव्हते. अमेरिकन संसदेच्या माजी सदस्य बार्बरा जॉर्डन यांच्याबरोबर त्यांनी 'पीपल फॉर द अमेरिकन वे' ही संस्था उभी केली.

धंद्याच्या बाजूने सांगायचं तर भागीदार जेरी पेरेंचिओ यांच्याबरोबर १९८२ मध्ये एम्बसी पिक्चर्स विकत घेतली आणि १९८५ मध्ये सगळा पसारा कोका-कोला कंपनीला ४८ कोटी ५० लाख डॉलरना विकला. नंतर आणलेल्या मालिका, जसं १९९१ ची 'संडे डिनर' किंवा बंकरच्याच जुन्या घरात नवं कुटुंब दाखवणारी १९९४ ची '७०४ हाउझर', फार टिकल्या नाहीत.

म्हातारपणी पुन्हा कसे परतले?

२०१७ मध्ये 'वन डे अॅट अ टाइम' क्यूबन-अमेरिकन कुटुंब घेऊन नेटफ्लिक्सवर नव्याने आली. २०१९ मध्ये टीव्हीवरचे सूत्रसंचालक जिमी किमेल यांच्याबरोबर त्यांनी जुन्या भागांच्या संहिता नव्या नटांकडून थेट प्रक्षेपणात करून घेतल्या. त्यासाठी ९७ व्या वर्षी एमी मिळालं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

मालिकेत आर्ची नेहमी ज्या खुर्चीत बसतो, ती आता कुठे आहे?

वॉशिंग्टनमध्ये, स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाकडे, १९७८ पासून. खुर्ची जुन्या सामानाच्या दुकानातून अगदी स्वस्तात आणलेली: फिकट पडलेलं कापड, घासून गुळगुळीत झालेले लाकडी हात. शेजारी ईडिथची साधी खुर्ची, मध्ये छोटं टेबल. मालिका संपणार असं धरून मूळ खुर्च्या देऊन टाकल्या; मग आणखी एक हंगाम करायचं ठरलं आणि तशाच हुबेहूब खुर्च्या बनवून घ्याव्या लागल्या. मूळ खरेदीच्या मानाने तो खर्च अफाट होता.

आर्चीच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं की तो अंगठ्याने खूण करून उठवतो. आपल्याकडे आजोबांच्या आरामखुर्चीवर कुणी बसायचं नाही, हा नियम ज्या घरांत होता त्यांना ती खूण लगेच कळेल. सॅमी डेव्हिस मात्र त्याच खुर्चीत बसतो.

आज पाहायचं तर सुरुवात कुठून करावी?

पहिल्या भागापासून करू नका. त्यात सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलतात. आधी सॅमी डेव्हिसचा भाग पाहा. मग 'मॉड'चे नोव्हेंबर १९७२ चे दोन भाग सलग. त्यानंतर ऑक्टोबर १९७७ मधला ईडिथच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा भाग, पण एकट्याने आणि तयारीने, कारण त्यात घरात शिरलेला माणूस तिच्यावर अत्याचाराचा प्रयत्न करतो. शेजारच्या घरात वाढदिवसाची तयारी चाललेली असते. ईडिथचं काम करणाऱ्या जीन स्टेपलटन स्वयंपाकघरात जळलेला केक ओव्हनमधून काढून त्या माणसाच्या तोंडावर फेकतात, तेव्हा समोर बसलेले प्रेक्षक जे ओरडतात, त्यात हसू अजिबात नाही.